मनोहर जोशी: पालिकेत घडलेले नेते की वरून नेमलेले?

दादरकर
परवा आमच्या इमारतीखालच्या टपरीवर चहा पिताना एक जण बोलून गेला, "मनोहर जोशी म्हणजे बाळासाहेब ठाकरेंच्या रिमोटवर चाललेले मुख्यमंत्री, बाकी काय?" मला ते मुळीच पटलं नाही. दोन दिवस डोक्यात तेच घोळतंय, म्हणून सविस्तर लिहितो.

रायगडमधल्या नांदवीचा हा मुलगा. घरी दारिद्र्य, मधुकरी मागून शिक्षण. मुंबईत येऊन एम. ए., एलएल. बी. केलं, पालिकेत नोकरी केली. १९६१ मध्ये दादरला कोहिनूर टेक्निकल इन्स्टिट्यूट काढली. तिथे मुलं वायरिंग, प्लंबिंग, रेडिओ आणि स्कूटर दुरुस्ती शिकायची. कॉलेजची पायरी न चढलेल्या मराठी पोराच्या हाताला काम मिळावं, हा त्यातला विचार मला आजही मोठा वाटतो. १९६८ ला ते नगरसेवक झाले, १९७० ला स्थायी समितीचे अध्यक्ष, १९७२ ला विधान परिषदेत गेले, १९७६ ला महापौर. पुढे विरोधी पक्षनेते, १९९५ ला मुख्यमंत्री, २००२ ला लोकसभेचे अध्यक्ष, तेही बिनविरोध.

नगरसेवक ते मुख्यमंत्री या प्रवासाला सत्तावीस वर्षं लागली. एवढी वर्षं गटार, पाणी, शाळा आणि सभागृह यांत घालवलेल्या माणसाला कुणाच्या तरी हातातलं बाहुलं म्हणणं अन्याय आहे. माझं म्हणणं एवढंच, की जोशी पंत पालिकेत घडले आणि महापौरपद ही त्यांच्या घडण्यातली मोठी पायरी होती.

घाटकोपर_पूर्व
दादरकर, मधुकरीबद्दल आदर आहेच. पण माणूस कुठून आला हे सांगून तो खुर्चीवर बसून काय करत होता, हे झाकता येत नाही.

११ जुलै १९९७ ला मी बारा वर्षांचा होतो. घाटकोपरच्या रमाबाई नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, लोक रस्त्यावर आले आणि राज्य राखीव पोलिसांनी गोळीबार केला. दहा माणसं गेली. आमच्या गल्लीत त्या दिवशी कुणाच्याच घरी चूल पेटली नाही. आईनं आम्हाला संध्याकाळपर्यंत पलंगाखाली बसवून ठेवलं होतं, ती फरशी किती थंड होती हे अजून आठवतं. मुख्यमंत्री कोण होते? जोशी.

१९९२-९३ च्या मुंबई दंगलींची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाचं बघा. जानेवारी १९९६ मध्ये यांच्या सरकारनं आयोग गुंडाळला, चार महिन्यांनी पुन्हा सुरू करावा लागला आणि १९९८ ला अहवाल आला तेव्हा त्यातले निष्कर्ष नाकारले. हे सगळं मुंबईच्या माजी महापौरानं केलं. ज्या शहराचे पहिले नागरिक म्हणून मिरवलात, त्याच शहराच्या जखमेवर फडकं टाकलंत. पालिकेत घडले म्हणता, मग शहरातली सगळी माणसं आपली मानायला तिथे शिकले नाहीत का?

निवृत्त_पालिका
दोघांनाही थोडं थांबवतो. पालिकेच्या चिटणीस खात्यात माझी चौतीस वर्षं गेली, म्हणून महापौरपदाबद्दल दोन गोष्टी सांगणं भाग आहे.

मुंबईचा कारभार १८८८ च्या कायद्यावर चालतो. कार्यकारी अधिकार आयुक्तांचे आणि आयुक्त नेमतं राज्य सरकार. महापौर सभागृह चालवतात, कामकाजाचा क्रम लावतात, पाहुण्यांचं स्वागत करतात. त्यातून जोशींच्या काळी ही खुर्ची एकच वर्षाची होती, अडीच वर्षांची मुदत नंतर आली. वर्षभरात कुणी काय करणार? पैशाची नाडी स्थायी समितीच्या हातात. आयुक्तांकडून मसुदापत्र येतं: अमुक रस्त्याचं कंत्राट, अमुक रकमेला, तमुक ठेकेदाराला. समिती ते मंजूर करते, फेरविचारासाठी परत पाठवते किंवा 'दप्तरी दाखल' करते. त्या दोन शब्दांनी कोट्यवधींचं काम जागच्या जागी थांबतं. अध्यक्षाला पानन् पान वाचावं लागतं, नाहीतर अधिकारी त्याला गुंडाळून ठेवतात.

म्हणून दादरकर, जोशी पालिकेत घडले असतील तर ते १९७० च्या स्थायी समितीत घडले. महापौरपदानं त्यांना मान मिळाला, कारभार ते आधीच शिकले होते. तुम्ही पायरी चुकीची धरलीत.

कायदा_वाचा
निवृत्त_पालिकांशी सहमत. म्हणूनच १९९८ मध्ये महापौर परिषदेची पद्धत आणून महापौरांना खरे अधिकार द्यायचा प्रयत्न झाला. तेव्हा मुख्यमंत्री होते माजी महापौर जोशीच! पण वर्षभरात प्रयोग गुंडाळला गेला. २०२५-२६ मध्येच पालिकेचा अर्थसंकल्प ७४ हजार कोटींच्या वर गेला आणि महापौरांना अजूनही आयुक्तांच्या तोंडाकडे बघावं लागतं.

घाटकोपर_पूर्व
आणि महापौर झाले ते वर्ष कुठलं? १९७६. देशात आणीबाणी, शिवसेनेचा तिला पाठिंबा. विरोधक तुरुंगात असताना मिळालेल्या खुर्चीला लोकशाहीची पायरी कसं म्हणायचं?

दादरकर
निवृत्त_पालिका, स्थायी समितीचं म्हणणं मान्य. मी महापौरपदावर नको तेवढा भर दिला.

घाटकोपर_पूर्व, रमाबाई नगराबद्दल तुम्ही लिहिलंत त्यातलं एक अक्षर मी खोडत नाही. आयोगाचंही नाही. चाळीस लाख झोपडीवासीयांना मोफत घरांचं वचनही पुरं झालं नाही, तेही मी लिहायला हवं होतं. पण तुमच्याच मुद्द्यातून एक गोष्ट निघते. तुम्ही त्यांना जबाबदार धरताय, म्हणजे निर्णय त्यांचेच होते असं मानताय. मग रिमोटचं काय? बाहुल्याला कुणी जाब विचारत नाही.

घाटकोपर_पूर्व
रिमोट माझ्या हातात आहे, हे खुद्द बाळासाहेब उघड सांगायचे. जाब दोघांनाही विचारायचा. आदेश पाळणारा सुटत नाही.

लालबागकर
माझं दोघांपेक्षा वेगळं दुखणं आहे. मार्च २०२२ मध्ये पालिकेची मुदत संपली आणि पुढची जवळजवळ चार वर्षं मुंबईत निवडून आलेला नगरसेवकच नव्हता, कारभार सरकारनं नेमलेल्या प्रशासकाकडे होता. आमच्या चाळीच्या मागचं गटार २०२३ च्या पावसात तीनदा तुंबलं. काळं पाणी तळमजल्यावरच्या आजींच्या उंबऱ्यापर्यंत आलं, त्यांनी पिठाचा डबा उचलून माळ्यावर ठेवला. आधी आम्ही नगरसेवकाच्या ऑफिसात जायचो, तिथला पोरगा लेटरहेडवर चार ओळी लिहून शिक्का मारायचा आणि दुसऱ्या दिवशी माणसं यायची. त्या पावसात अर्ज घेऊन मी एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर फिरलो. जोशी चांगले की वाईट, यावर तुम्ही भांडा. पण १९६८ ला ते निवडून आले तेव्हा निदान पालिकेची निवडणूक होत होती.

घाटकोपर_पूर्व
लालबागकर, इथे मी तुमच्या बाजूनं आहे. आमच्याकडेही तेच. पाण्याची लाईन फुटली, दहा दिवस टँकर. जोशींवर माझा राग आहे, पण तो काढायला समोर निवडून आलेला माणूस तरी होता. प्रशासकाच्या दारात मोर्चा नेला तर तो पुढच्या वेळी मत मागायला थोडाच येणार आहे?

निवृत्त_पालिका
लालबागकर, त्या अर्जांच्या पोचपावत्या आहेत का? असतील तर तारखांसकट एका कागदावर उतरवा. तुमच्या प्रभागातून आता जे निवडून आलेत त्यांच्या हातात लवकरात लवकर तो कागद पडला पाहिजे. मसुदा मी करून देतो.

लालबागकर
दोन आहेत. तिसऱ्या अर्जाची दिलीच नाही. रविवारी सकाळी घेऊन येतो.