पोपट झाडावर, मग इंग्रजीत 'इन' का?

प्रश्न : लेकीच्या वहीत 'द पॅरट इज ऑन द ट्री' खोडून बाईंनी 'इन द ट्री' केलंय. आम्हाला शाळेत 'त' म्हणजे इन, 'वर' म्हणजे ऑन असं पाठ करून घेतलं होतं. पोपट झाडावर असतो, झाडात नाही. बाई चुकल्या का?

उत्तर : बाई बरोबर आहेत. पोपट फांद्या-पानांच्या आत बसलेला असतो, म्हणून इन. गंमत पुढेच आहे. त्याच झाडाचा आंबा मात्र 'ऑन द ट्री'! आपणही दोघांत फरक करतोच की: आंबा झाडाला, पोपट झाडावर. फक्त वाटणी वेगळी.

खरा घोळ 'ऑन म्हणजे वर' या घोकंपट्टीचा. ऑनला वर-खाली कळत नाही. एखाद्या पृष्ठभागाला टेकलं, चिकटलं, लटकलं की झालं. पंखा छताला, कॅलेंडर भिंतीवर, अंगठी बोटात. मराठीत तीन तऱ्हा, इंग्रजीत तिन्हीकडे ऑन. चप्पल आपण पायात घालतो, इंग्रजीत ती पायांवर 'ऑन'.

ॲट म्हणजे नुसता ठिपका. 'कुठे पोचलास?' 'ॲट स्वारगेट.' तिथे स्वारगेट केवढं पसरलंय याच्याशी कुणाला देणंघेणं नसतं. राहणं 'इन पुणे', पण गाडी 'स्टॉप्स ॲट पुणे', कारण गाडीच्या लेखी अख्खं शहर म्हणजे एक थांबा. पत्त्यातही तसंच: इन सदाशिव पेठ, ऑन लक्ष्मी रोड, आणि घरनंबर आला की ॲट. ब्रिटिश लोक स्ट्रीटला इनही लावतात, अमेरिकन ऑन. त्यात फार अडकू नये.

आणखी एक : वाहनांचं राहिलं. उभं राहता येतं, चार पावलं चालता येतं त्याला ऑन: पुण्याची पीएमपी बस, रेल्वे, विमान. अंग दुमडून बसायचं ते इन: रिक्षा, कार. सायकलला आतच नाही, तिथे ऑन. 'इन द बस' म्हटलं म्हणून कुणी नापास करू नये, आतलाच भाग सांगायचा असेल तर ते चालतं.

प्रश्न : आणि 'समोर'? आपले निम्मे पत्ते 'अमक्या मारुतीसमोर' असे असतात.

उत्तर : मधे रस्ता असेल तर ऑपोझिट. देऊळ अलीकडे, तुमचं घर पलीकडे. वस्तू अगदी पुढ्यात असेल तर इन फ्रंट ऑफ. आपलं 'समोर' दोन्हीकडे चालतं, म्हणून पाट्या रंगवणारे फसतात. 'गेटसमोर गाडी लावू नये' याचं इंग्रजी कुणी 'ऑपोझिट द गेट' असं रंगवलं, तर बंदी रस्त्यापलीकडे लागली. गेटला खेटून गाडी लावणाऱ्याला तुम्ही बोलूच शकत नाही. आणि पुण्यात असा मुद्दा काढणारा भेटायला वेळ लागत नाही.