मदत हवी आहे: दत्तक लेकीला हे कसं सांगू?

आम्ही ज्यू. लेक आठ महिन्यांची असताना दत्तक घेतली. जन्मदात्री ज्यू नव्हती, म्हणून तीन जणांच्या बेथ दीनसमोर (ज्यू धर्मन्यायालयासमोर) मिकव्यात, म्हणजे विधिस्नानाच्या कुंडात, बुडवून तिचं रीतसर धर्मांतर केलं. दत्तक असल्याचं तिला पहिल्यापासून माहीत आहे, धर्मांतराचं मात्र बोललोच नाही. चूक आमचीच.

आता ती अकरा वर्षांची आहे. बारा वर्षांची झाली की, बात मित्झ्वाच्या (मुलगी धर्माच्या दृष्टीने सज्ञान होण्याच्या) वेळी, लहानपणी झालेलं धर्मांतर नाकारायचा हक्क तिला हलाखाच, म्हणजे ज्यू धर्मकायदाच, देतो. परवा शब्बाथच्या (आठवड्याच्या पवित्र विश्रांतीच्या दिवसाच्या) मेणबत्त्या लावताना डोळ्यांवरच्या बोटांच्या फटीतून बघत तिने विचारलं, "माझी पहिली आईपण हे करायची?" मी गप्प.

कुणी या वाटेने गेलंय का? आधी घरीच सांगितलंत की रब्बींसमोर (धर्मगुरूंसमोर)? "नको" म्हणाली तर?