मोबाईलवरून यूट्यूब टीव्हीवर दिसते, पण लॅपटॉपचा पडदा दिसत नाही

प्रश्न
नमस्कार. माझ्याकडे विंडोज ११ असलेला लॅपटॉप आणि अँड्रॉइड टीव्ही आहे. दोन्ही एकाच राउटरला जोडलेले आहेत. मोबाईलवरून यूट्यूबचा व्हिडिओ टीव्हीवर विनासायास लागतो. लॅपटॉपवर मात्र विंडोज आणि के ही बटणे एकत्र दाबल्यावर यादीत टीव्हीचे नाव येते, ‘कनेक्टिंग’ असे थोडा वेळ दिसते आणि जोडणी तुटते. राउटर बंद करून पुन्हा सुरू केला, तरी फरक पडला नाही. मुलीचे ऑनलाइन वर्ग मोठ्या पडद्यावर दाखवायचे असल्याने कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १
मोबाईलवरून जमते म्हणून लॅपटॉपवरूनही जमेल असे नाही, कारण हे दोन वेगळे मार्ग आहेत. यूट्यूबमधून कास्ट करताना मोबाईल फक्त कोणता व्हिडिओ लावायचा एवढेच टीव्हीला कळवतो आणि टीव्ही तो स्वतः इंटरनेटवरून घेतो. विंडोज मात्र मिराकास्ट ही पडदा बिनतारी दाखवण्याची पद्धत वापरते. त्यात लॅपटॉप आपल्या पडद्यावरील चित्राचा सतत व्हिडिओ तयार करून तो बहुधा वाय-फाय डायरेक्टने थेट टीव्हीकडे पाठवतो, म्हणजे मध्ये राउटर नसतोच. त्यामुळे राउटरमागे वेळ घालवू नये.

कमांड प्रॉम्प्टमध्ये (आज्ञा टाइप करण्याच्या विंडोजच्या खिडकीत) ‘नेटश डब्ल्यूलॅन शो ड्रायव्हर्स’ (netsh wlan show drivers) ही आज्ञा इंग्रजीत द्या. येणाऱ्या माहितीत ‘वायरलेस डिस्प्ले सपोर्टेड’ अशी ओळ असते आणि तिच्यापुढे कंसात ग्राफिक्स व वाय-फाय या दोन्ही ड्रायव्हरांची (त्या त्या भागाला चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची) वेगवेगळी नोंद असते. जिथे ‘नो’ दिसेल, तो ड्रायव्हर लॅपटॉप कंपनीच्या संकेतस्थळावरून अद्ययावत करा.

उत्तर २
नाव दिसून नंतर जोडणी तुटते, हे लक्षण मला फायरवॉलचे, म्हणजे नको असलेले संपर्क अडवणाऱ्या सुरक्षा-व्यवस्थेचे, वाटते. मिराकास्टमध्ये प्राथमिक जोडणी झाल्यावर टीव्ही उलट लॅपटॉपकडे, सहसा ७२३६ क्रमांकाच्या पोर्टवर (संपर्कासाठीच्या क्रमांकित दारावर), संपर्क साधतो. फायरवॉलने बाहेरून येणारा तो संपर्क अडवला की सारे तिथेच थांबते. विंडोज फायरवॉलच्या परवानगी दिलेल्या अॅपच्या यादीत ‘वायरलेस डिस्प्ले’पुढे प्रायव्हेट व पब्लिक या दोन्ही नेटवर्क-प्रकारांखाली खूण आहे का, ते पाहा. वेगळा अँटिव्हायरस असल्यास त्याची स्वतःची फायरवॉल असू शकते, तीही तपासा. कार्यालयाचे व्हीपीएन (कार्यालयाच्या नेटवर्कशी जोडणारी खासगी जोडणी) चालू असेल तर ते बंद करून पाहा. फायरवॉल कायमची बंद ठेवण्याचा सल्ला कोणी दिला, तरी कृपया तसे करू नका.

प्रश्नकर्ता
दोन्ही ड्रायव्हरांपुढे ‘येस’ होते. अँटिव्हायरसची फायरवॉल बाहेरून येणारे सर्व संपर्क अडवत होती. तिथे वायरलेस डिस्प्लेला परवानगी देताच पडदा दिसू लागला. आपले मनापासून आभार. आता माउसचा बाण मात्र टीव्हीवर किंचित उशिरा सरकतो.

उत्तर १
मिराकास्टमध्ये थोडा विलंब राहतोच, आणि वर्ग पाहण्यासाठी तो अडचणीचा नाही. चित्र राउटरमधून जात नसले, तरी लॅपटॉप टीव्हीशी सहसा राउटरच्याच वाय-फाय पट्ट्यावर जोडला जातो; म्हणून लॅपटॉप राउटरच्या २.४ ऐवजी ५ गिगाहर्ट्झ पट्ट्यावर जोडलात, तर बहुतेक वेळा फरक जाणवतो. परीक्षेसारख्या प्रसंगी, जेव्हा जोडणी तुटून चालणार नाही, तेव्हा सरळ एचडीएमआय केबल लावावी.