१२ जुलै राहून गेला
या आठवड्यातल्या दिनविशेषांच्या यादीत १४ जुलैची छान उजळणी झाली: १७८९ साली पॅरिसच्या बॅस्टिल तुरुंगावर झालेला हल्ला आणि १८५६ साली टेंभूत झालेला समाजसुधारक आगरकरांचा जन्म. पण याच आठवड्यातला १२ जुलै १९६१, म्हणजे पुण्यातल्या पानशेत पुराचा दिवस, यादीत हवाच.

आंबी नदीवरचं पानशेतचं मातीचं धरण. काम पुरं व्हायच्या आत पावसाचं पाणी साठलं आणि बांध खचू लागला. लष्कराच्या जवानांनी रात्रभर पावसात, चिखलात वाळूची पोती रचून तो धरून ठेवला. सकाळी धरण फुटलं, लोंढ्याने खालचं खडकवासला धरणही फोडलं आणि मुठेकाठच्या पेठांमधले वाडे बसले. हेच मध्यरात्री, शहर झोपेत असताना झालं असतं तर? पोती रचणाऱ्या त्या जवानांचे उपकार पुण्याने दरवर्षी आठवायला हवेत.

पूर ओसरल्यावर नळ कोरडे, कारण शहराचं पाणी यायचं खडकवासल्यातूनच. गोखलेनगरसारख्या वसाहती पूरग्रस्तांसाठीच उभ्या राहिल्या. तिथल्या जुन्या रहिवाशांच्या आठवणी कुणाकडे असतील तर इथे जरूर लिहा.