पोटाला सूज आली तेव्हा काय खाल्लंत? (अनुभव धागा)

माजघर
काल दिवसभर पाऊस, लाईट गेलेली, म्हणून चुलीवर उकड्या तांदळाची पेज ठेवली आणि त्या वासाने २०१८ चा जून आठवला. पोटाच्या खड्ड्यात जळजळ, दोन घास खाल्ले की पोट टम्म, रात्री दोनला जाग. दुर्बीण घालून बघितलं तर जठराला सूज. डॉक्टरांनी गोळी दिली, सकाळी उपाशीपोटी, खायच्या अर्धा तास आधी. खायचं काय ते मात्र सासूबाईंनी ठरवलं. आठला पेज, मीठ, चमचाभर तूप, लोणचं अजिबात नाही. अकराला केळं. दुपारी मऊभात, मुगाचं पातळ वरण, पडवळ नाहीतर दुधी. रात्रीचं जेवण साडेसातला आणि लगेच आडवं व्हायचं नाही. "उपाशी पोटान चाय पिव नको गो" रोज सकाळी. दोन महिन्यांत मी माणसात आले. त्या आता नाहीत, काल पेज पिताना रडूच आलं. तुमचे अनुभव लिहा.

तिरफळ
मी तिखलं सोडलं. मालवणात राहून बांगड्याचं तिखलं सोडणं काय असतं ते इथल्यांनाच कळेल. आता बांगड्याला हळद मीठ लावून केळीच्या पानात वाफवतो, मिरची नाही, मसाला नाही. पहिले पंधरा दिवस घशाखाली उतरत नव्हता, आता तोच आवडतो.

शहाळं
माजघर, सासूबाईंचं वाचून गलबललं ग. आमच्या बाबांचं खाणं एकदम साधं तरी त्रास. नंतर कळलं गुडघ्यासाठी दुकानातून दुखण्याच्या गोळ्या आणून वर्षभर रोज दोन घेत होते, आम्हाला पत्ताच नाही. एक दिवस शौचाला डांबरासारखं काळं झालं आणि न्हाणीत चक्कर येऊन पडले, आत रक्तस्राव. रक्त चढवावं लागलं. त्या गोळ्यांनी जठराचं अस्तरच दुबळं होतं, मग पेज कितीही पाजा. काळं शौच दिसलं तर घरगुती उपाय करत बसू नका, हात जोडून सांगते.

कुणकेश्वरकर
सोलकढी चालते का? घरात रोज असते

तिरफळ
मला झोंबते. सूज असताना आंबट ते आंबटच

नाचणीची भाकरी
मला नाही त्रास होत, पण लसूण मिरची न घालता, जेवणानंतर अर्धी वाटी. आमसूल पित्तावर म्हणतात ते आमच्याकडे अंगावर पित्त उठतं त्याला, आमसुलाचं पाणी चोळतात. ते पित्त वेगळं आणि जठराची सूज वेगळी, लोक गल्लत करतात.

बंदरावरून
भावाने सहा महिने पथ्य केलं, काही फरक नाही. शेवटी तपासणीत जंतू निघाला, हेलिकोबॅक्टर पायलोरी. पहिली टेस्ट निगेटिव्ह आली होती कारण ॲसिडिटीची गोळी चालूच होती, ती दोन आठवडे आधी डॉक्टरांना विचारून बंद ठेवायला लागते. मग १४ दिवस ॲंटिबायोटिक आणि बरा. ऑस्ट्रेलियाच्या मार्शल आणि वॉरन यांना ह्याच जंतूसाठी २००५ चं नोबेल मिळालंय, मार्शलने १९८४ साली स्वतः जंतू पिऊन जठराला सूज आणून दाखवली होती. भावाला सांगितलं तर म्हणाला मला फुकटात मिळाला 😀 पथ्याने भागत नसेल तर तपासून घ्या.

सुरंगी
हरतालिकेचा उपास आणि दुसऱ्या दिवशी तळलेलं, दरवर्षी माझं पोट तिथेच बिघडतं. यंदा उपास नाही करणार, आईला सांगितलंय. तिची मशेरी पण सोडवायची आहे, तिलाही जळजळ असते पण ऐकत नाही

शहाळं
सुरंगी, मशेरी सुटते ग, माझ्या आत्येची सुटली. हळूहळू. रागावू नकोस तिला.

कुणकेश्वरकर
पुण्यात चांगला उकडा तांदूळ कुठे मिळतो? इथला शिजून गोळा होतो, पेज होतच नाही

माजघर
पाणी कमी पडतंय तुमचं. वाटीला सात वाट्या तरी घाला, मंद आचेवर, दाणा बोटाने दाबला की मोडला पाहिजे. घरचा तांदूळ आहे, गणपतीला येताय का, पाच किलो बांधून ठेवते.

कुणकेश्वरकर
वेटिंग ८७ आहे

सुरंगी
माझं पण वेटिंगच 😭