१९५० ची शेव्हरले पिकअप: होती तशी उभी करायची, की कापून नवी करायची?

जुना_पत्रा (आयोवा)

इथल्या एका शेतकरी कुटुंबाकडून आम्ही १९५० ची शेव्हरले ३१०० घेतली आहे. अर्ध्या टनाची, ११६ इंच व्हीलबेसची (पुढच्या-मागच्या चाकांतले अंतर). इंजिन मूळचेच, २१६ घनइंची, सहा सिलिंडरचे. तीन गिअर, दांडी स्टिअरिंगला. दरवाज्याच्या खांबावरची नंबरपट्टी आणि कागद जुळतात. केबिनचे मागचे खालचे दोन्ही कोपरे गंजलेत, हौद्याच्या लाकडी फळ्या कुजल्यात. बाकी पत्रा ठणठणीत आहे आणि इंजिन हाताने फिरते.

घरात आणि मित्रांत दोन तट पडलेत. मुलगा आणि त्याचे मित्र म्हणतात, खाली नवीन चासी घाला, व्ही-८ (आठ सिलिंडरचे इंजिन) बसवा, एसी बसवा. माझे मत स्पष्ट आहे: ही गाडी कापू नये. १९४७ ते १९५५ या काळात अमेरिकेत ट्रकच्या विक्रीत शेव्हरले पहिल्या क्रमांकावर होती, आणि ती याच 'अ‍ॅडव्हान्स डिझाइन' मालिकेच्या जोरावर. युद्धानंतर इथल्या शेतीचा, गावोगावच्या दुकानदारीचा माल या हौद्यांतून वाहिला गेला. लाखोंनी बनल्या म्हणून आजवर कोणी जपल्या नाहीत. ज्या उरल्या त्यांतल्या कितीतरी आधीच कापून झाल्या आहेत. इंजिन, गिअरबॉक्स, अ‍ॅक्सल सगळे मूळचे असलेली गाडी हाती आली असेल, तर ती तशीच चालती करणे हे मालकाचे कर्तव्य आहे असे मी मानतो.

विरोधी मते कारणांसकट ऐकायची आहेत.

---

टेक्सासकर

पूर्ण असहमत. कर्तव्य कसले? ती कामाची गाडी होती. पहिल्याच मालकाने तिला हवे तिथे भोक पाडले असेल, हवी ती पट्टी वेल्ड केली असेल. कारखान्यातून निघालेली अवस्था पवित्र मानायची, ही कल्पना संग्राहकांची आहे, शेतकऱ्यांची नव्हे.

व्यवहाराचे बोलू. २१६ ची ताकद जेमतेम ९० अश्वशक्ती. मागच्या अ‍ॅक्सलचे प्रमाण ४.११, म्हणजे चाकाच्या एका फेरीला शाफ्टच्या ४.११ फेऱ्या. ताशी ५५ मैलांना इंजिन अडीच हजारांच्या वर फिरत असते आणि गाडीभर कंप. आमच्याकडे ७५ मैलांच्या हायवेवर तुम्ही ५० ने जाणार, मागून अठरा चाकी ट्रक अंगावर येणार. एकदा असा अनुभव आला की गाडी शेडमध्ये जाते आणि तिथेच राहते. मी अशा 'जपलेल्या' गाड्या पाहिल्यात. टायर चपटे, टाकीत पेट्रोलचा डिंक झालेला.

माझ्या १९५३ च्या ३१०० खाली एस-१० ची (शेव्हरलेच्याच नंतरच्या छोट्या पिकअपची) चासी आहे आणि वर ५.३ लिटरचे व्ही-८. रोज कामावर नेतो. मुलगी शिकली तीही याच गाडीवर. जी गाडी रोज रस्त्यावर असते तीच जिवंत.

---

स्टोव्हबोल्ट (ओहायो)

टेक्सासकर, तुमचे वर्णन खरे, पण निष्कर्ष घाईचा.

२१६ कमजोर म्हणून बदनाम आहे, कारण लोक त्याला हायवेवर पिळतात. त्याच्या मेन बेअरिंगना पंपाने तेल जाते, पण कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगना नाही. रॉडच्या टोकाला पळी असते, ती पॅनमधल्या (इंजिनखालच्या तेलाच्या पात्रातल्या) द्रोणांतले तेल उचलते, आणि वेग वाढला की नळ्यांतून तेलाची धार त्या पळीवर मारली जाते. बेअरिंगही आजच्यासारखी बदलायची वाटी नाही. बॅबिट धातू रॉडमध्येच ओतलेला असतो. झीज झाली की मधल्या पातळ पट्ट्या काढून गाळा (मधली फट) कमी करायचा. हे सगळे ताशी ४५-५० मैलांच्या जगासाठी बनवले होते आणि त्या जगात ते इंजिन आयुष्यभर चालते. कॉम्प्रेशन कमी, म्हणून आजचे साधे पेट्रोल चालते.

वेगच हवा असेल तर त्यासाठी चासी कशाला कापायची? १९५० ते ५४ च्या पॉवरग्लाइड (ऑटोमॅटिक गिअरच्या) शेव्हरले कारमध्ये ३.५५ चे क्राउन-पिनियन (मागच्या चाकांकडे ताकद वळवणारी दातेरी चाके) होते. ते अर्ध्या टनाच्या या अ‍ॅक्सलमध्ये बसते. तेवढ्याने इंजिन त्याच वेगाला साडेतीनशे फेऱ्या कमी फिरते. त्यापुढे जायचे तर १९५४ पासूनचे २३५ घनइंची इंजिन. त्यात रॉडनाही दाबाने तेल मिळते. थोड्या फेरफाराने ते त्याच जागी बसते, दिसायलाही भावंडच. मूळ २१६ कोपऱ्यात झाकून ठेवा. वीस वर्षांनी कोणाला वाटले तर परत बसवता येईल. व्ही-८ साठी कापलेली फायरवॉल (इंजिन आणि केबिन यांमधला पत्रा) परत येत नाही.

आणि व्ही-८ एकटे येत नाही. या गाडीत प्रोपेलर शाफ्ट नळीच्या आत बंद आहे आणि ती नळी गिअरबॉक्सपासून अ‍ॅक्सलपर्यंत एकसंध. इंजिन बदलले की गिअरबॉक्स बदलतो, गिअरबॉक्स बदलला की ती नळी जाते, म्हणजे अ‍ॅक्सल बदलतो, मग ब्रेक, मग स्टिअरिंग, मग पेट्रोलची लाइन, मग ६ व्होल्टची सगळी वायरिंग. शेवटी केबिनचा पत्रा तेवढा १९५० चा उरतो. अर्ध्यात सोडलेली असली कामे मी विकायला निघालेली सतत बघतो. कोणी हात लावत नाही.

---

टेक्सासकर

म्हणूनच पूर्ण चासी बदलायची, तुकड्या-तुकड्याने नाही. लांब हौद्याच्या एस-१० चा व्हीलबेस ११७.९ इंच. दोन इंचांचा फरक. ब्रेक, स्टिअरिंग, सस्पेन्शन एकाच दात्या गाडीतून, एकमेकांशी जुळलेले. पार्ट कोपऱ्यावरच्या दुकानात. हे जुगाड नाही, विचार करून केलेले काम आहे.

---

कांदिवलीकर (मुंबई)

या मालिकेशी आपले जवळचे नाते आहे म्हणून लिहितो. शेव्हरले बनवणाऱ्या जनरल मोटर्सचा कारखाना १९२८ ते १९५४ शिवडीला होता. शेव्हरलेच्या मोटारी आणि ट्रक तिथे जोडले जात. नुसती जुळणी चालणार नाही, इथे निर्मिती करा, असे सरकारी धोरण आल्यावर तो बंद झाला. युद्धानंतरच्या काळात महाराष्ट्राच्या घाटांतून धावलेल्या ट्रकांत शेव्हरले खूप होत्या. आज कुठल्या वाड्याच्या मागे एखादी सापडली तर केबिन सापडते, इंजिन नाही. ते केव्हाच काढून डिझेल घातलेले असते, कारण गाडी पोटापाण्याची होती. त्या मालकांना मी दोष देणार नाही. पण म्हणूनच सगळे मूळचे असलेली गाडी दिसली की कापा म्हणवत नाही.

आमच्याकडे हा वाद बराचसा कायद्यानेच मिटवला आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाच्या मूळ तपशिलापलीकडे रचनेत फेरफार करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितले. २०२१ पासून ५० वर्षांहून जुन्या गाड्यांना 'व्हीए' मालिकेचा वेगळा नंबर मिळतो. नवी नोंदणी २०,००० रुपये, १० वर्षांसाठी. अट अशी की चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा बदल नको. मला हा नियम आवडतो.

---

टेक्सासकर

कायदा आहे म्हणून ते योग्य, हे मान्य नाही. त्याच नियमात गाडी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणे यांपुरतीच रस्त्यावर आणायची मुभा आहे ना? म्हणजे मूळ ठेवा आणि वापरू नका. मी ज्याला विरोध करतोय ते नेमके हेच.

---

ब्रेकपॅड (मिशिगन)

मी वाहनांच्या सुरक्षेच्या क्षेत्रात काम करते. इथे दोन्ही बाजू 'कोणती गाडी खरी' यावर भांडताहेत आणि आत बसणाऱ्या माणसाचा विषय फक्त वेगापुरता निघाला.

१९५० च्या ३१०० मध्ये काय आहे ते बघा. ब्रेकचे सर्किट एकच. मास्टर सिलिंडर (ब्रेकच्या तेलाला दाब देणारा पंप) पायाखाली, फळीच्या खाली. एक होज फुटला की चारही चाकांचे ब्रेक गेले. त्यात १९५० हे हक पद्धतीच्या ब्रेकचे शेवटचे वर्ष. १९५१ पासून बेंडिक्स पद्धतीचे आले. हकचे सुटे भाग मिळवायला कष्ट पडतात आणि जुळवणी जमणारे हात आणखी कमी. सीटबेल्ट नाहीत. स्टिअरिंगचा दांडा एकसंध लोखंडी, समोरून धडक बसली तर सरळ छातीवर येतो. दबणारा दांडा जनरल मोटर्सने १९६७ च्या मॉडेलपासून दिला. आणि पेट्रोलची टाकी केबिनच्या आत, सीटच्या मागे.

जुना_पत्रा, इतिहास जपायचा म्हणून मुलाला या टाकीपुढे बेल्टशिवाय बसवणार असाल तर तुमच्या 'कर्तव्या'ला माझा विरोध आहे. गाडी संग्रहालयात जाणार नसेल तर ब्रेक आणि बेल्ट या दोन गोष्टींत मूळपणाचा आग्रह धरू नये. यात मत-मतांतराला मी जागा ठेवत नाही.

पण टेक्सासकर, एस-१० च्या चासीने गाडी आपोआप सुरक्षित होते हे म्हणणेही बरोबर नाही. त्या चासीची टक्कर-चाचणी तिच्या स्वतःच्या केबिनसह झाली होती. तुम्ही घरी बनवलेल्या ब्रॅकेटवर ७० वर्षांची केबिन बसवून नाही. ब्रेक आणि स्टिअरिंग सुधारले, हे खरे. धडक बसल्यावर काय होईल ते कोणी तपासलेले नाही. शिवाय चासीवर एस-१० चा नंबर आणि दरवाज्यात १९५० ची पट्टी. प्रत्येक राज्यात अशा गाडीची नोंदणी वेगळ्या तऱ्हेने होते. नोंदणी कार्यालय आणि विमा कंपनी, दोघांना आधी लेखी विचारल्याशिवाय ग्राइंडर हातात घेऊ नये.

---

पाटेवाला (कॅलिफोर्निया)

रंगाबद्दल कोणीच बोलले नाही म्हणून थोडे. मूळ रंग जिथे जिथे उरलाय तिथे तो ठेवा. 'रिस्टोर' म्हणून लोक पूर्ण गाडी घासून आरशासारखी चकचकीत करतात, तशी ती शोरूममध्येही नव्हती. तेही मूळ पुसणेच आहे. दरवाज्यावर शेताचे किंवा दुकानाचे हाताने रंगवलेले नाव असेल तर त्याला सँडपेपर लावू नका. गंजाचे कोपरे कापून नवे घाला, ते तयार मिळतात, बाकीला हात नको. पाटे मात्र उतरवून साफ करा, पिन-बुश नवे घाला. या गाडीच्या 'खराब सस्पेन्शन'ची निम्मी तक्रार सुकलेल्या पाट्यांची असते.

---

स्टोव्हबोल्ट (ओहायो)

ब्रेकपॅड यांच्याशी सहमत, आणि त्यांनी सांगितलेले सगळे न कापता होते. १९५१ नंतरच्या गाडीच्या बेंडिक्स प्लेट्स बसवता येतात. दोन सर्किटचा मास्टर सिलिंडर फळीखालीच ब्रॅकेटवर बोल्टने बसतो. पुढे डिस्क हवे असतील तर मूळ स्पिंडलवर, सहा बोल्टांचे चाक तसेच ठेवून बसणारे किट मिळतात. कमरेचे बेल्ट फरशीतून, खाली जाड लोखंडी पट्टी देऊन. टाकी हौद्याखाली नेता येते. १९४९ च्या आधी ती खालीच होती.

---

टेक्सासकर

मग उरले काय? २३५ चे इंजिन, ३.५५ चे गिअर, डिस्क ब्रेक, टाकी खाली. तुम्हीही गाडी बदलतच आहात. फरक एवढाच की तुमच्या बदलांना तुम्ही मूळ म्हणता.

---

स्टोव्हबोल्ट (ओहायो)

मूळ म्हणत नाही. परत फिरवता येणारे म्हणतो. माझ्यासाठी सीमा तिथे आहे. तुमच्या १९५३ चे पुढचा मालक काय करणार? तुम्ही ठरवलेलेच. या गाडीच्या पुढच्या मालकाला मात्र दोन्ही वाटा खुल्या राहतील. तुमची गाडी तुमच्याकडे आली तेव्हा कशी होती?

---

टेक्सासकर

इंजिन नव्हते, चासी मधोमध मोडलेली, केबिन कोंबड्यांच्या खुराड्यावर ठेवलेली. भंगारात जाणार होती.

---

जुना_पत्रा (आयोवा)

टेक्सासकर, मग तुमचे काम मला मनापासून योग्य वाटते. तुम्ही एक गाडी वाचवली. माझा विरोध व्ही-८ ला नाही, चालू होणारे २१६ काढून व्ही-८ घालण्याला आहे. मूळ काही उरलेच नसेल तर हवे ते करा. उरले असेल तर ते आधी मोजा. बाजारात मोडकळीला आलेल्या केबिन भरपूर आहेत. मुलाला व्ही-८ ची हौस असेल तर तशी एक केबिन आणून देईन, आणि तिच्यावर त्याच्याबरोबर मीही काम करेन.

ब्रेकपॅड, ब्रेक आणि बेल्टचे तुमचे म्हणणे पूर्ण घेतले. बेंडिक्स, दुहेरी मास्टर सिलिंडर, कमरेचे बेल्ट आणि टाकी हौद्याखाली. हे इंजिन सुरू करण्याच्याही आधी. जोडीला वळणाचे दिवे, कारण १९५० मध्ये ते जादा पैसे देऊन घ्यावे लागत. स्टिअरिंगचा दांडा राहणार, म्हणून ही गाडी हायवेवर नेणार नाही. आमच्या आसपास ५५ मैलांचे काउंटी रस्ते आहेत आणि तिथे पेरणी-कापणीच्या दिवसांत ट्रॅक्टर चालतातच. ६ व्होल्टही राहू दे. जाड केबल आणि स्वच्छ अर्थिंग दिले की स्टार्टर फिरतो. जुन्या गाड्यांत पातळ केबल घालून लोक व्होल्टेजला दोष देतात.

टेक्सासकर, एका गोष्टीत आपण असहमतच राहणार. रोज चालवली तरच जिवंत, हे मला पटत नाही. रविवारी बाजाराला, एकदा शहराच्या मिरवणुकीला आणि गरजेला शेजाऱ्याचे गवताचे गठ्ठे आणायला, एवढे ती करेल.

---

टेक्सासकर

गठ्ठे आणणार असाल तर हौद्याला पातळ शोभेच्या फळ्या नकोत. ओक घाला, वरच्या लोखंडी पट्ट्या गॅल्वनाइज्ड घ्या, आणि खालच्या आडव्या पट्ट्या गंजल्यात का ते फळ्या काढल्यावर ठोकून बघा. त्याबाबतीत मूळ-नवे काही नसते.

बाकी माझे मत कायम. ५५ च्या रस्त्यावर तुम्ही ४५ ने जाल आणि वैतागून पुढच्या वर्षी २३५ शोधाल.

---

स्टोव्हबोल्ट (ओहायो)

शोधू देत. त्याआधी पॅन उतरवून रॉडचा गाळा बघा आणि तेलाच्या नळ्यांची तोंडे पळीच्या रेषेत आहेत का ते तपासा. त्यासाठी वेगळे मापन-हत्यार असते, इथे ओहायोत आमच्याकडे आहे, पाठवतो. तोवर इंजिन सुरू करू नका.