सल्ला हवा: १/६ मापाची डोकी रंगवताना चेहरा खराखुरा दिसण्यासाठी काय करावं?

सहावा_हिस्सा

मंडळी, बारा इंची फिगरांची १/६ मापाची डोकी रंगवायचा नाद लागलाय. सध्या टेबलावर एक मावळा आहे, रेझिनमध्ये थ्रीडी प्रिंट केलेला. मुंडासं, झुपकेदार मिशा, कल्ले, वर आलेली गालफडं. शिल्प झकास आहे, रंग चढला की मात्र सगळं बिघडतं.

व्हॅलेहो कंपनीचे ॲक्रिलिक रंग वापरतो. आधी त्वचेचा बेस, मग खाचांमधून तपकिरी वॉश (पाणीदार रंग), मग उंचवट्यांवर फिकट रंग. व्हिडिओंमध्ये दाखवतात तसंच सगळं. हातभर अंतरावरून ठीक वाटतं, जवळ नेलं की नाटकातला मेकअप. सावळा वर्ण हवाय तर तो पिठूळ होतो आणि डोळे भूत बघितल्यासारखे येतात. शून्य-शून्य-शून्य नंबरचा अगदी बारीक ब्रश आणलाय, तरी तेच.

एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग फवारणारं यंत्र) घेतल्याशिवाय हे जमतच नाही का? बजेट बेताचं आहे. आणि मुंबईत राहतो, त्यामुळे पावसाळ्यात फवारायच्या वार्निशचं काय करता तेही सांगा.

कुंचलाबहाद्दर

तुम्ही बघताय ते व्हिडिओ बहुतेक २८ मिमीच्या वॉरगेमिंगच्या सैनिकांचे असणार. तिथे डोकं तुरीच्या दाण्याएवढं असतं आणि ते पटावर लांबून बघायचं, म्हणून सावली आणि उजेड दोन्ही रंगवून दाखवावे लागतात. तुमचं डोकं चारेक सेंमी उंच. खोलीतला दिवाच त्याच्यावर सावली पाडतो. वर तुम्ही आणखी एक रंगवली की झाला मेकअप.

या मापाला सावली-उजेड निम्म्यावर आणा आणि रंगातला फरक वाढवा. माणसाचा चेहरा एकरंगी नसतो. कपाळ पिवळसर. नाक, गाल, कान तांबूस, कारण तिथे रक्त कातडीच्या जवळून वाहतं. जबडा आणि हनुवटी दाढीच्या खुंटांमुळे करडी, किंचित निळसर. सावळ्या चेहऱ्यावरही हे तिन्ही पट्टे असतातच, फक्त दबके. डोळ्यांभोवती आणि ओठांच्या कडेला जांभळट तपकिरी झाक द्या, चेहरा लगेच आपल्याकडचा वाटायला लागतो. ओठांना गुलाबी लावू नका. तुमचा गडी उन्हात फिरणारा आहे, म्हणजे गालफडं आणि नाकाचा शेंडा रापलेला, आणि मुंडाशाच्या काठाखाली कपाळाची बारीक पट्टी उजळ. एवढी एक पट्टी नीट जमली तरी बघणारा थबकतो.

पिठूळपणा पांढऱ्यामुळे येतो. टिटॅनियम व्हाइट थंड आणि अपारदर्शक, सावळ्या रंगात पडला की राख फासल्यासारखं दिसतं. उजळ करायला येलो ऑकर घ्या, त्याहून उजळ हवं तर त्यात चिमूटभर नेपल्स येलो. बेस बर्न्ट सिएना, रॉ अंबर आणि ऑकर यांचा. सावलीला बर्न्ट अंबरमध्ये जरासा अल्ट्रामरीन. काळी ट्यूब चेहऱ्याच्या वेळी कपाटातच राहू द्या.

बेस सुकला की जुन्या, पसरलेल्या ब्रशने ठिपके मारा: तांबडे, ऑकर, थोडे ऑलिव्ह, जबड्यावर निळसर. या टप्प्यावर गडी देवीच्या रोगाचे फोड आल्यासारखा दिसेल, घाबरू नका. मग बेसचाच रंग अगदी पाणीदार करून वरून फिरवायचा. ब्रश भरला की आधी टिश्यूवर टेकवा, मगच चेहऱ्यावर. नाहीतर थेंब साचून कडेला वळ उमटतात. असे पातळ हात देत गेलात की ठिपके कातडीच्या आत गेल्यासारखे दिसतात.

आणि तो शून्य-शून्य-शून्य ठेवून द्या. त्याच्या पोटात रंगच मावत नाही, डोळ्यापर्यंत पोचेस्तोवर टोकावर सुकतो. एक किंवा दोन नंबरचा, टोक शाबूत असलेला गोल ब्रश घ्या. विन्सर अँड न्यूटनचा सिरीज ७ परवडला तर उत्तमच, नाहीतर चांगला सिंथेटिकही चालतो.

वाचनमात्र_बंड्या

वाखु (वाचनखूण) साठवली. मुंडाशाखालच्या पट्टीला +१००.

तैलरंगी

बहाद्दरांशी सहमत, पण ठिपके ॲक्रिलिकने कशाला मारायचे? तैलरंग घ्या. ॲक्रिलिकचा बेस, त्यावर मॅट वार्निश, ते पूर्ण वाळू द्यायचं. मग ऑइलचे इवलेइवले ठिपके ठेवायचे आणि कोरड्या मऊ ब्रशने एकमेकांत जिरवायचे. तासभर खेळत बसा, रंग ओलाच असतो. नाही आवडलं तर बिनवासाच्या थिनरमध्ये किंचित ओलावलेल्या ब्रशने पुसा, खालचा बेस जागेवर राहतो. ट्यूबमधला रंग आधी पुठ्ठ्यावर काढून ठेवला की जास्तीचं तेल शोषलं जातं, चकाकी कमी येते आणि वाळतोही लवकर.

वाळायला दिवस लागतात हा एकच त्रास. अंबर लवकर वाळतो, पांढरा रेंगाळतो. तोवर डोकं डब्याखाली झाका, नाहीतर पंख्याची सगळी धूळ गालावर. आणि ओल्या ऑइलवर ॲक्रिलिक चढवू नका, तडे जातात.

पेणकर_काकू

आमचा गणपतीचा कारखाना आहे, त्यामुळे डोळ्यांबद्दल मी बोलणारच. आमच्याकडे आखणीला सगळ्यात मुरलेला कारागीर बसतो. पण देवाचा डोळा आणि माणसाचा डोळा यांत फरक आहे. मूर्तीचे डोळे मोठे, कड काळी रेखलेली, कारण भक्ताला ते गर्दीत मागून दिसायला हवेत. तुम्ही मावळ्याला तीच आखणी करत असाल तर तो डोळे वटारणारच.

माणसाची बुबुळं साधारण १२ मिमी असतात, म्हणजे तुमच्या मापात जेमतेम २ मिमी. आणि ती पूर्ण गोल दिसत नाहीत. वरची पापणी त्यांचा थोडा भाग झाकते, खालची नुसती टेकते. वर आणि खाली दोन्हीकडे पांढरं ठेवलंत की माणूस घाबरलेला दिसतो, तुमचं दुखणं इथेच आहे. डोळ्याचा पांढरा भाग पांढरा रंगवू नका. करड्यात किंचित पिवळा घाला, कोपऱ्यात गुलाबी टिंब, आणि वरच्या पापणीलगत एक पातळ गडद रेघ, ती सावली. खालच्या पापणीला काळी रेघ अजिबात नको, तपकिरी-लालसर पुरते.

दोन्ही डोळे एकत्र पुढे न्या. एक पूर्ण करून दुसऱ्याकडे वळलात की तो हमखास तिरळा. मध्येच आरशात बघा, नाहीतर डोकं उलटं धरा. चूक लगेच कळते.

सहावा_हिस्सा

काकू, दंडवत! वर आणि खाली, दोन्हीकडे पांढरं ठेवलंय, आत्ताच भिंग लावून बघितलं. डोळ्यातली चमक पांढऱ्या ठिपक्याने द्यायची ना?

पेणकर_काकू

मूर्तीला देतो आम्ही ठिपका. या मापाला नको. सगळं झाल्यावर डोळ्यावर पारदर्शक ग्लॉस सोडा, तामियाचं एक्स-२२ चालतं. मग चमक दिव्याबरोबर फिरते.

गनवाला

एअरब्रशची एवढी बदनामी नको. ०.३ मिमीचं नोझल आणि टाकीवाला कॉम्प्रेसर असेल तर बेस आणि ग्लेझ (पारदर्शक पातळ हात) इतके एकसारखे बसतात की ब्रशने नाही जमत. ज्याला महिन्याला डोकी काढायची आहेत त्याने घ्यावाच.

कुंचलाबहाद्दर

महिन्याला डोकी काढायची असतील तर. त्यांचं बजेट बेताचं आहे, वाचलंत ना? एअरब्रश साफ करण्यात जो वेळ जातो तेवढ्यात माझी एक ग्लेझ वाळते. त्या पैशात नव्वदच्या वर सीआरआय (रंग खरे दाखवण्याचं माप) असलेला एलईडी दिवा आणि डोक्याला लावायचं भिंग येईल. पिवळ्या बल्बखाली त्वचेचा रंग कोणालाच कळत नाही.

गनवाला

दिवा मान्य. बाकी आपलं पटणार नाही 😄

नाक्यावरचा_पेंटर

स्वस्तातला उपाय: सॉफ्ट पेस्टलच्या कांड्या. ब्लेडने खरवडून भुकटी करा, मॅट वार्निशच्या थरावर मऊ ब्रशने चोळा. गालाचा तांबूसपणा, दाढीची निळसर झाक, झकास बसते. ऑइल पेस्टल नव्हे, कोरडे. वरून पुन्हा वार्निश मारावं लागतं आणि त्यात रंग थोडा बुजतो, म्हणून भुकटी जरा जास्तच लावायची.

पावसाळ्यात स्प्रे वार्निश विसरा. हवेतल्या दमटपणाने थर दुधाळ होतो आणि केलेलं सगळं पाण्यात. पाण्यात मिसळणारं मॅट वार्निश ब्रशने दोन पातळ हात. सगळं मॅट करून थांबू नका, नाकाचा शेंडा आणि कपाळ जरा सॅटिन, खालचा ओठ त्याहून थोडा ओला. अख्खा चेहरा एकाच चकाकीचा असला की तो बाहुलीचा वाटतो.

रेझिनबाधित

कोणी प्रिंटबद्दल बोललंच नाही. आयपीएमध्ये (आयसोप्रोपिल अल्कोहोल) धुऊन, यूव्हीखाली पक्कं करून, गालावरच्या थरांच्या रेघा ओल्या पॉलिश पेपरने घासल्यात का? त्या राहिल्या तर वॉश बरोबर त्यांच्यातच जाऊन बसतो. कच्च्या रेझिनला नायट्राइलचे हातमोजे घालूनच हात लावा. मग करडा प्रायमर, पातळ. पुढेमागे मऊ पीव्हीसीचं डोकं रंगवलंत तर कुठलाही स्प्रे प्रायमर आधी मानेच्या आतल्या बाजूला मारून बघा. काही स्प्रे त्यावर कायमचे चिकट राहतात.

सहावा_हिस्सा

सगळ्यांचे आभार. ठरलं: या चेहऱ्याचा रंग उतरवतो, गाल घासतो, ठिपके तैलरंगांनी. एअरब्रश पुढच्या दिवाळीला बघू. आता मिशा आणि गंध तेवढं सांगा, मिशा चिकटवल्यासारख्या दिसतात.

कुंचलाबहाद्दर

मिशांना काळा नको, गडद तपकिरी, वर केसांच्या दिशेने थोडा करडा-तपकिरी. चिकटवल्यासारख्या दिसतात कारण मिशी संपते तिथे कड धारदार राहते. त्या कडेवर त्वचा आणि मिशी यांच्या मधला रंग पातळ करून फिरवा, आणि दोन-चार केस कडेबाहेर त्वचेवर ओढा. कल्ल्यांनाही तेच.

पेणकर_काकू

गंध सगळ्यात शेवटी, मॅट वार्निशनंतर. गंधाला चकाकी नसते, त्यामुळे त्यावर काही मारू नका. आणि उजळ पट्टी बुजवू नका हो त्या नादात. झालं की प्रचि (प्रकाशचित्र) टाका, डोळ्यांचा जवळून.